बारावीला गणित नव्हते. पदवीच्या पहिल्या वर्षाचे भौतिकशास्त्र घरून, ऑनलाइन शिकता येईल का?

फळा_खडू यांचा प्रश्न

नमस्कार. मी सातारा जिल्ह्यातील एका माध्यमिक शाळेत नववी आणि दहावीला विज्ञान शिकवते. माझी पदवी वनस्पतिशास्त्राची आहे. अकरावी-बारावीला बी ग्रुप होता, म्हणजे भौतिकशास्त्र होते पण गणित सोडून जीवशास्त्र घेतले होते, आणि त्यानंतर गेली चौदा वर्षे भौतिकशास्त्राशी माझा संबंध आला तो फक्त शाळेच्या पाठ्यपुस्तकापुरता.

दहावीच्या विज्ञान भाग १ मधला पहिलाच धडा गुरुत्वाकर्षणाचा आहे. या वर्षी मुक्तिवेगाचे (पृथ्वीच्या ओढीतून कायमचे सुटायला लागणाऱ्या वेगाचे) सूत्र फळ्यावर मांडत असताना पहिल्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, "मॅडम, नववीत स्थितिज ऊर्जा एम जी एच होती. आता ती वस्तुमानांचा गुणाकार भागिले अंतर अशी कशी झाली, आणि तिच्यापुढे वजा चिन्ह कुठून आले?" मी तिला पुस्तकातले वाक्य वाचून दाखवले. तिचे समाधान झाले नाही हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होते, आणि खरे सांगायचे तर माझेही झाले नव्हते. त्या दिवसापासून हा विषय नीट, पायापासून शिकायचा असे मी मनाशी ठरवले आहे.

नोकरी आणि घर सोडून महाविद्यालयात जाणे शक्य नाही. रात्री नऊनंतर दीड तास आणि रविवारची सकाळ एवढाच वेळ माझ्या हाती आहे. स्वयमवर आणि इतरत्र पदवीच्या पहिल्या वर्षाचे अभ्यासक्रम आहेत असे ऐकले आहे. माझ्या मुख्य शंका अशा: कलनाचा (कॅल्क्युलसचा) गंधही नसताना यांत्रिकीचा अभ्यासक्रम घेता येईल का, की आधी वर्षभर गणितच करावे लागेल? प्रयोगशाळेशिवाय शिकलेले भौतिकशास्त्र अर्धवट राहील का? आणि प्रमाणपत्रासाठी परीक्षा द्यावी की नुसती व्याख्याने ऐकली तरी पुरे? ज्यांनी स्वतः असे शिकून पाहिले आहे किंवा शिकवले आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

लंबक यांचे उत्तर

ताई, मी एफ. वाय. बी. एस्सी.च्या वर्गांना तीस वर्षे भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झालो आहे. आपल्या विद्यार्थिनीचा प्रश्न फार चांगला आहे आणि कलन म्हणजे काय हे कळण्यासाठी त्याहून चांगली जागा मला सुचत नाही, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

जमिनीवर ज्याचे वजन १०० न्यूटन भरते असा एक दगड घ्या. तो पृथ्वीच्या एका त्रिज्येइतक्या उंचीवर, म्हणजे सुमारे ६४०० किलोमीटर वर न्यायचा आहे. एम जी एच (वस्तुमान, गुरुत्वत्वरण आणि उंची यांचा गुणाकार) हे सूत्र गृहीत धरते की संपूर्ण वाटेवर दगड १०० न्यूटनांनीच खाली ओढला जातो. प्रत्यक्षात पृथ्वीच्या केंद्रापासूनच्या अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात ओढ कमी होत जाते. वाटेचे १६०० किलोमीटरांचे चार टप्पे करू. सुरुवातीला बल १००, पहिल्या टप्प्याच्या शेवटी ६४, मग ४४.४, मग ३२.७ आणि अगदी वर २५ न्यूटन. प्रत्येक टप्प्यासाठी दोन्ही टोकांची सरासरी घेतली तर ८२, ५४.२, ३८.५ आणि २८.८ मिळतात, आणि या चारांची सरासरी सुमारे ५१ येते. म्हणजे त्या चढणीवर सरासरी बल १०० नसून ५१ न्यूटन आहे. चाराऐवजी चाळीस टप्पे केले तर उत्तर ५० च्या अगदी जवळ जाईल, आणि टप्पे लहान करता करता ते ज्या संख्येपाशी स्थिरावते ती बरोबर ५० आहे. टप्पे पाडणे, बेरीज करणे आणि टप्पे बारीक करत जाणे, यालाच संकलन म्हणतात. हे आपण आत्ता दहावीच्या अंकगणितावर केले.

त्याच पद्धतीने अनंत अंतरापर्यंत बेरीज केली तर ती आटोक्यात राहते. जमिनीवरचे पूर्ण वजन न बदलता फक्त एका त्रिज्येइतक्या अंतरावर खेचत राहिले असते तर जेवढे कार्य लागले असते, तेवढेच एकूण कार्य पृथ्वीपासून कायमचे सुटायला लागते. हे कार्य वस्तूच्या गतिज ऊर्जेतून, म्हणजे वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग याच्या निम्म्यातून, यावे लागते. म्हणून मुक्तिवेग काढताना दोन, ९.८ आणि चौसष्ट लाख मीटर यांचा गुणाकार करून वर्गमूळ घ्यायचे. ते सेकंदाला ११,२०० मीटर येते, म्हणजे पुस्तकातले ११.२ किलोमीटर. आता वजा चिन्ह. विहिरीच्या काठाला शून्य पातळी मानली की तळाची खोली वजा लिहावी लागते. इथे काठ म्हणजे अनंत अंतर. तिथे ऊर्जा शून्य मानली, तर खाली जमिनीवर असलेली वस्तू तेवढ्या ऊर्जेने तुटीत आहे. एक किलोमीटर उंचीपर्यंत मात्र नववीचे सूत्र सहा हजारात एका भागाइतकेच चुकते, त्यामुळे दोन्ही सूत्रे आपापल्या जागी योग्य आहेत. हे गणित मुलीला टप्पे पाडून वहीत करायला द्या. तिला ते जमेल.

आता गणिताविषयी. आधी वर्षभर गणित करत बसू नका, कारण वापर न दिसता शिकलेले कलन टिकत नाही. यांत्रिकीच्या पहिल्या अभ्यासक्रमाला लागणारे गणित मर्यादित आहे: सदिशांची बेरीज आणि अदिश गुणाकार, साइन-कोसाइन, घातांच्या आणि साइन-कोसाइनच्या फलनांचे विकलन (बदलाचा दर काढणे) व संकलन. बालभारतीच्या अकरावी आणि बारावीच्या गणिताच्या पुस्तकांचे दुसरे भाग ई-बालभारतीच्या संकेतस्थळावर मोफत मिळतात. अभ्यासक्रम सुरू होण्यापूर्वी तीन-चार आठवडे अकरावीच्या पुस्तकातले विकलनाचे प्रकरण आणि नंतर बारावीच्या पुस्तकातील संकलनाचा सुरुवातीचा भाग सोडवा. उरलेले गणित वाटेत, गरज पडेल तसे घ्या.

खरी अडचण गणिताची नसतेच. उत्तम शिक्षकाचे व्याख्यान ऐकताना सगळे कळल्यासारखे वाटते, आणि पडदा बंद करून स्वतः उदाहरण सोडवायला घेतले की पहिलीच ओळ सुचत नाही. वर्गात मी समोरच्या मुलाला उठवून फळ्याशी बोलावू शकत असे, पण व्हिडिओ तसे करत नाही, त्यामुळे ते काम आपले आपल्यालाच करावे लागते. शिक्षकाने उदाहरण वाचून दाखवले की व्हिडिओ थांबवा, कोऱ्या कागदावर आकृती काढा, वस्तूवर कोणकोणती बले कार्य करतात ते बाण काढून दाखवा आणि किमान दहा मिनिटे झगडा. मगच पुढे ऐका.

एक प्रश्न आजच करून पाहा. एसटीच्या सपाट फरशीवर एक पिशवी ठेवलेली आहे, गाडी वेग घेत आहे आणि पिशवी घसरत नाही. पिशवीवर घर्षणबल कोणत्या दिशेने आहे? बहुतेक विद्यार्थी मागच्या दिशेने म्हणतात, कारण घर्षण गतीला विरोध करते हे वाक्य पाठ झालेले असते. पण पिशवीचा वेग पुढच्या दिशेने वाढतो आहे, म्हणजे तिच्यावर पुढच्या दिशेने बल असलेच पाहिजे, आणि तिला स्पर्श करणारी वस्तू फक्त फरशी आहे. घर्षण विरोध करते ते फरशीच्या सापेक्ष घसरण्याला. हे एकदा स्वतःच्या हाताने बाण काढून उमगले की न्यूटनचा दुसरा नियम आपलासा होतो.

काय ऐकावे, याविषयी एकच सुचवतो. येल विद्यापीठात २००६ साली ध्वनिचित्रमुद्रित झालेला प्राध्यापक रामामूर्ती शंकर यांचा चोवीस व्याख्यानांचा प्रास्ताविक अभ्यासक्रम मोफत उपलब्ध आहे. त्यांची मांडणी अत्यंत स्वच्छ आहे. मात्र ते कलन येते असे धरून चालतात, म्हणून तो दुसऱ्या फेरीसाठी ठेवा. पहिल्या फेरीला आपल्याकडचा, दर आठवड्याला गृहपाठ देणारा अभ्यासक्रम बरा. प्रमाणपत्राच्या मागे मात्र लागू नका असे माझे मत आहे. आपल्याला समजून घ्यायचे आहे, गुण मिळवायचे नाहीत.

पहिली_पाळी यांचे उत्तर

मॅडम, मी चाकणच्या एका कारखान्यात काम करतो. माझी पदविका यांत्रिकी अभियांत्रिकीची आहे. चार वर्षांपूर्वी मी पाळ्या सांभाळून एनपीटीईएलचा बारा आठवड्यांचा एक अभ्यासक्रम पूर्ण केला, त्यामुळे व्यवस्था कशी चालते ते सांगू शकतो. सरांचे बाकी सर्व म्हणणे मला पटते, पण परीक्षेबाबत मी वेगळे मत मांडणार आहे.

एनपीटीईएल हा आयआयटी आणि बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेचा उपक्रम २००३ पासून चालू आहे, आणि स्वयम हे केंद्र सरकारचे व्यासपीठ ९ जुलै २०१७ पासून. एनपीटीईएलचे अभ्यासक्रम आता स्वयमवरूनच घेता येतात. नावनोंदणीला काहीही पैसे पडत नाहीत. अभ्यासक्रम चार, आठ किंवा बारा आठवड्यांचे असतात आणि जानेवारी व जुलै अशा दोन सत्रांत सुरू होतात. शैक्षणिक वर्षाचा विचार करता, तुमच्यासाठी जुलैचे सत्र बरे पडेल असे वाटते, कारण जानेवारीच्या सत्राचा शेवट बरोबर दहावीच्या परीक्षा आणि पेपर तपासणीत येतो.

दर आठवड्याला व्याख्याने खुली होतात आणि त्यावर एक गृहपाठ असतो, ज्याची शेवटची तारीख ठरलेली असते. परीक्षा द्यायची असल्यास वेगळी नोंदणी करून साधारण हजार रुपये शुल्क भरावे लागते. ही परीक्षा घरून देता येत नाही. ठरलेल्या शहरातील केंद्रावर जाऊन संगणकावर द्यावी लागते. अंतिम गुणांत गृहपाठांना २५ आणि परीक्षेला ७५ गुण धरतात. बारा आठवड्यांच्या अभ्यासक्रमात सर्वांत चांगले आठ गृहपाठ मोजले जातात. उत्तीर्ण होण्यासाठी गृहपाठात २५ पैकी १० आणि परीक्षेत ७५ पैकी ३० असे दोन्हीकडे स्वतंत्रपणे मिळवावे लागतात.

आता माझे मत. मी त्याआधी दोनदा नुसती व्याख्याने ऐकायला सुरुवात केली होती. दोन्ही वेळा चौथ्या-पाचव्या आठवड्यात सुटले. रात्रपाळी आली, घरात पाहुणे आले, आणि मग आज नको, उद्या बघू असे करता करता महिना गेला. तिसऱ्या वेळी परीक्षेचे शुल्क भरले आणि केंद्र पुण्यात निवडले. पैसे फार नव्हते, पण तारीख डोळ्यासमोर उभी राहिली. नोकरी करून शिकणाऱ्याला तारखेचा धाक लागतो, हे मी अनुभवाने सांगतो. परीक्षा गुणांसाठी देऊ नका, पण नोंदणी अवश्य करा.

गृहपाठ शेवटच्या रात्रीवर कधीच टाकू नका. तिसऱ्या आठवड्याचा गृहपाठ मी रात्री साडेदहाला सोडवायला बसलो, आणि आमच्या भागातली वीज गेली ती पहाटे आली. मोबाइलचे नेटवर्कही त्याबरोबर गेले. उत्तरे वहीत होती आणि भरता आली नाहीत. तेव्हापासून मी गृहपाठ दोन दिवस आधीच भरत असे. वेळेचे म्हणाल तर मला आठवड्याला सहा ते सात तास लागत, त्यातले जेमतेम अडीच तास व्याख्यानांचे आणि बाकी सगळे उदाहरणांचे. तुमच्या हाती रोजचा दीड तास आहे, तो पुरेसा आहे, फक्त रविवारची सकाळ उदाहरणांसाठी राखून ठेवा.

अभ्यासक्रमात शंका विचारण्याची सोय असते, ती वापरा. "मला हे कळले नाही" असे लिहिले तर उपयोग होत नाही. "या उदाहरणात दोरीतला ताण दोन्ही बाजूंना सारखा का धरला आहे?" असे नेमके विचारले की साहाय्यक अध्यापक नीट उत्तर देतात.

हडसनकाठ यांचे उत्तर

ताई, मी मूळची सांगलीची असून सध्या न्यू जर्सीमध्ये राहते. आरोग्यक्षेत्रातील एका पदवीसाठी पूर्वअट म्हणून मला गेल्या वर्षी इथल्या कम्युनिटी कॉलेजचा भौतिकशास्त्राचा पहिला अभ्यासक्रम ऑनलाइन करावा लागला. वय एकोणचाळीस, आणि माझाही बारावीला बी ग्रुपच होता, म्हणून तुमचा प्रश्न वाचून लिहिल्याशिवाय राहवले नाही.

इथे पहिल्या वर्षाचे भौतिकशास्त्र दोन प्रकारे शिकवतात: एक बीजगणितावर आधारलेले, जे जीवशास्त्र आणि वैद्यकाकडे जाणारे घेतात, आणि दुसरे कलनावर आधारलेले, जे अभियंते आणि भौतिकशास्त्राचे विद्यार्थी घेतात. मी पहिले केले. तुम्हाला मात्र दुसरेच घ्या असे मी सुचवीन, कारण पहिल्यात सूत्रे बरीच आयती मिळतात, आणि तुमच्या विद्यार्थिनीने विचारलेला प्रश्न मी विचारला असता तर मलाही ते एक वाक्य वाचून दाखवले गेले असते.

प्रमाणपत्राचा किंवा श्रेयांकांचा कोठे उपयोग करायचा असेल तर तो धरला जाईल का, हे आधी लेखी विचारून घ्या. माझ्याबरोबरच्या एका मुलीने पूर्ण अभ्यासक्रम ऑनलाइन केला आणि नंतर तिला कळले की तिला जिथे प्रवेश हवा होता तिथे ऑनलाइन प्रयोगशाळा चालत नाही. तिला प्रयोगांचा भाग प्रत्यक्ष वर्गात पुन्हा करावा लागला. तुमच्या बाबतीत सेवांतर्गत प्रशिक्षण म्हणून नोंद हवी असेल तर मुख्याध्यापकांकडून आधीच लेखी घ्या.

आता प्रयोगांविषयी. कॉलेजने खोक्यातून साहित्य पाठवले होते: ताणकाटा, वजने, छोटी गाडी, दोरा. ताणकाटा आठवडाभरात बिघडला आणि बदलून यायला तीन आठवडे गेले. पण सर्वांत जास्त मी शिकले ते ज्या प्रयोगाला खोक्यातले काहीच लागले नाही त्यातून, आणि तो तुम्ही उद्या शाळेत करू शकता.

दोऱ्याला जड वस्तू बांधून लंबक करा, लांबी सुमारे एक मीटर ठेवा आणि दहा अंशांपेक्षा कमी झोका द्या. एका मीटरच्या लंबकाच्या एका आंदोलनाला, म्हणजे एकदा जाऊन परत येण्याला, जवळजवळ दोन सेकंद लागतात. लांबीला चार पाय-वर्गाने (४π², सुमारे ३९.५) गुणून आवर्तकालाच्या, म्हणजे एका आंदोलनाच्या काळाच्या, वर्गाने भागले की गुरुत्वत्वरण मिळते. मी पहिल्यांदा एकाच आंदोलनाचा काळ मोजला आणि उत्तर ८ आले, दुसऱ्यांदा ११ आले. मला वाटले प्रयोगच फसला. मग शिक्षिकेने विचारले, घड्याळ चालू-बंद करताना तुमच्या हाताची चूक किती होते? ती साधारण ०.२ सेकंद असते. दोन सेकंदांत ०.२ म्हणजे दहा टक्के, आणि आवर्तकालाचा वर्ग होत असल्यामुळे उत्तरात वीस टक्के. वीस आंदोलने मोजली तर तीच ०.२ सेकंदांची चूक चाळीस सेकंदांत वाटली जाते आणि उत्तरातली चूक एका टक्क्यावर येते. घड्याळ तेच आणि हातही तेच, तरी उत्तर वीसपट विश्वासार्ह झाले. मोजमापातील चूक ही मोजता येणारी गोष्ट आहे, हे मला शाळेत किंवा कनिष्ठ महाविद्यालयात कोणी सांगितले नव्हते.

एक सूचना: लंबक मध्यावरून जात असताना घड्याळ चालू करा आणि त्या क्षणी "शून्य" म्हणा. बहुतेक जण "एक" म्हणून सुरुवात करतात, म्हणजे वीस म्हणेपर्यंत आंदोलने एकोणीसच होतात आणि उत्तर ११ च्या घरात जाते. शिवाय आखन विद्यापीठात तयार झालेले फायफॉक्स नावाचे मोफत अ‍ॅप मोबाइलमध्ये घ्या. ते फोनमधले त्वरणमापक उघड करून दाखवते. फोन लिफ्टमध्ये नेला की सुटताना आणि थांबताना आलेखात येणारा एक उंचवटा आणि एक खळगा आपल्या डोळ्यांनी दिसतो.

फळा_खडू

आपण सर्वांनी एवढा वेळ काढून लिहिले, मनापासून आभारी आहे. दगडाचे चार टप्प्यांचे गणित मी त्याच रात्री वहीत केले आणि दुसऱ्या दिवशी त्या मुलीला करायला दिले. तिने मधल्या सुट्टीत आठ टप्पे पाडून ५०.२ उत्तर आणले. पिशवीचा प्रश्न मात्र माझा चुकला. मीही मागच्या दिशेनेच बाण काढला होता.

जुलैच्या सत्रासाठी परीक्षेसह नोंदणी करण्याचे ठरवले आहे. आता आणखी एक अडचण विचारते. माझे सर्व शिक्षण दहावीपर्यंत मराठीतून झाले आणि मी शिकवतेही मराठीतूनच. इंग्रजी व्याख्यान समजते, पण वेगाने बोलले की संज्ञांत अडखळायला होते, आणि शिकलेले मुलांपर्यंत मराठीत कसे न्यायचे हाही प्रश्न आहे.

दोन_भाषांची_वही यांचे उत्तर

हीच अडचण मला पदवीच्या पहिल्या वर्षी आली होती. मी वहीच्या शेवटच्या पानांवर दोन रकाने आखले आणि व्याख्यानात आलेली प्रत्येक संज्ञा एका बाजूला आणि तिचा मराठी शब्द दुसऱ्या बाजूला लिहीत गेलो. मोमेंटम म्हणजे संवेग, इनर्शिया म्हणजे जडत्व, ॲक्सिलरेशन म्हणजे त्वरण हे तर तुम्हाला येतेच. नवे शब्द यांत्रिकीत दीडशेच्या वर निघत नाहीत आणि पहिल्या तीन आठवड्यांत त्यातले निम्मे येऊन जातात. मराठी शब्दासाठी भाषा संचालनालयाचा भौतिकशास्त्र परिभाषा कोश आणि मराठी विश्वकोशातील नोंदी, दोन्ही महाजालावर मोफत पाहता येतात. जिथे मराठी शब्द मुलांना जड जाईल, तिथे इंग्रजी शब्दच देवनागरीत वापरावा; टॉर्कला मी टॉर्कच म्हणतो.

व्हिडिओचा वेग पाऊणपट करता येतो, आणि इंग्रजी उपशीर्षके चालू ठेवली की कानाने निसटलेले डोळ्याला सापडते. कोलोरॅडो विद्यापीठाचा फेट हा २००२ पासून चालू असलेला प्रकल्प आहे, ज्याची सुरुवात नोबेल पारितोषिक विजेते कार्ल वायमन यांनी केली. त्यातील प्रतिकृती मोफत आहेत आणि अनेकांचे मराठी भाषांतरही झालेले आहे. बल, घर्षण आणि लंबक यांच्या प्रतिकृती तुम्ही शाळेच्या संगणकावरून थेट वर्गाला दाखवू शकाल. मात्र आधी खरा लंबक हलवावा आणि मग पडद्यावरचा, असे मला वाटते, कारण पडद्यावरच्या लंबकाचे उत्तर कधी चुकत नाही आणि त्यामुळे चूक शोधण्याची सवय लागत नाही.

फळा_खडू

शनिवारी दहावीच्या मुलांबरोबर लंबकाचा प्रयोग केला. वर्गाच्या दाराच्या चौकटीला खिळा ठोकून दोरा बांधला आणि खाली शाळेच्या भांडारातले एक जुने पितळी कुलूप अडकवले. "शून्य" म्हणून सुरुवात केली, वीस आंदोलने मोजली, प्रत्येक लांबीसाठी तीन-तीनदा मोजून सरासरी घेतली. खिळ्यापासून कुलपाच्या कडीपर्यंत दोरा ९८ सेंटिमीटर असताना ४०.२ सेकंद लागले. मग दोरा आखूड करून ७८ सेंटिमीटर केला तेव्हा ३६.० सेकंद, आणि ५८ सेंटिमीटर असताना ३१.१ सेकंद.

पहिल्या मोजमापावरून त्वरण ९.५८ आले. चूक एका टक्क्याच्या आत यायला हवी होती, आणि इथे ती दोन टक्क्यांहून अधिक आहे. दुसऱ्या आणि तिसऱ्या मोजमापावरून तर ९.५० आणि ९.४७, म्हणजे दोरा आखूड करत गेलो तसतसे उत्तर आणखी खाली गेले. वेळ तीनदा मोजली असल्यामुळे हाताची चूक एवढी असेल असे वाटत नाही. मुले कारण विचारत आहेत आणि या वेळी मला पुस्तकातले वाक्य वाचून दाखवायचे नाही. कुठे चुकले असेल?

लंबक यांचे उत्तर

ताई, तीन वेगवेगळ्या लांब्यांवर मोजलेत हे फार चांगले केलेत, कारण उत्तर त्यातच आहे. दोरा आखूड होत जाईल तसे उत्तर एकाच दिशेने घसरत असेल, तर प्रत्येक लांबीत एक ठरावीक तुकडा मोजायचा राहिला आहे असा संशय घ्यावा. लांबी मोठी असताना तो तुकडा कमी जाणवतो आणि लहान असताना जास्त.

आलेखाच्या कागदावर आडव्या अक्षावर दोऱ्याची लांबी आणि उभ्या अक्षावर आवर्तकालाचा वर्ग घ्या. आपले आवर्तकाल २.०१, १.८० आणि १.५५५ सेकंद आहेत. त्यांचे वर्ग ४.०४, ३.२४ आणि २.४२. हे तीन बिंदू जवळजवळ एका सरळ रेषेत येतात. दोन टोकांच्या बिंदूंवरून चढ काढला तर तो दर मीटरला ४.०५ च्या आसपास आहे, आणि चार पाय-वर्गाला, म्हणजे ३९.४८ ला, त्याने भागले की ९.७४ मिळते. या चढात तो सुटलेला तुकडा येतच नाही, कारण दोन लांब्यांची वजाबाकी करताना तो उडून जातो. म्हणून हे उत्तर अधिक खरे आहे.

आता रेषा डावीकडे वाढवा. ती शून्यातून जाणार नाही. दोऱ्याची लांबी शून्य असतानाही उभ्या अक्षावर ती ०.०६ ते ०.०७ इतकी वर राहील. या आकड्याला चढाने भागले की दीड ते दोन सेंटिमीटर येतात. लंबकाची लांबी खिळ्यापासून वस्तूच्या गुरुत्वमध्यापर्यंत मोजायची असते, आणि आपण ती कडीपर्यंतच मोजली आहे. मुलांना पट्टी देऊन कुलपाच्या कडीच्या वरच्या टोकापासून पितळी भागाच्या मध्याच्या जरा वरपर्यंतचे अंतर मोजायला सांगा, आणि ते मोजण्याआधी आलेखावरून आलेला आकडा फळ्यावर लिहून ठेवा.